चिंतेत लक्ष कुठे जाते: पाऊण शतकाच्या संशोधनाचा आढावा

प्रश्न नेमका काय आहे

म्हैसूरच्या नजरबाद भागात चामुंडी विहार क्रीडासंकुल आहे. ललित महालाच्या रस्त्याला लागले की प्रशासकीय प्रशिक्षण संस्था येते, आणि कर्नाटक पोलीस अकादमीही तिथून जवळच. खेळाडू, अधिकारी आणि पोलीस या तिघांच्या शिक्षणाचा गाभा एकच आहे. निवांतपणी जमणारे काम दडपणाखालीही तसेच जमले पाहिजे. या परिसरातली मुले एसएसएलसी आणि पीयूसीच्या परीक्षांना बसतात. पलीकडे महाराष्ट्रात दहावी-बारावीची आणि एमपीएससीची तयारी करणारी मुले असतात. ‘सगळे येत होते, पण पेपर हातात पडला आणि डोके ब्लँक झाले,’ ही तक्रार दोन्हीकडच्या घरांत सारखीच ऐकू येते.

एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला देशभरातल्या पावणेचार लाखांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांपैकी ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या चिंतेची कारणे सांगितली, तर २९ टक्के मुलांनी एकाग्रता होत नसल्याचे नोंदवले. चिंता आणि लक्ष न लागणे या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहतात, एवढे यावरून दिसते. त्यांचे नाते कोणत्या प्रकारचे आहे, हे मात्र अशा पाहणीतून कळत नाही. चिंतेमुळे लक्ष उडते, की लक्ष आवरत नाही म्हणून चिंता वाढते? की मुळात तयारीच कच्ची असल्यामुळे दोन्ही होते? मानसशास्त्रज्ञ गेली सत्तरहून अधिक वर्षे याच प्रश्नांवर काम करत आहेत. त्यांच्या कामातून काय पक्के झाले, कशावर मतभेद आहेत आणि काय अजून सुटायचे आहे, हे इथे क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

मन विचलित झाले की शरीरही विचलित होते, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्तविक्षेपाची कारणे दिली आहेत, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या चार गोष्टीही सांगितल्या आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची बिघडलेली लय. परीक्षेच्या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या कोणत्याही मुलाला ही यादी ओळखीची वाटेल.

प्रयोगशाळेतली गोष्ट १९०८ पासून सुरू होते. रॉबर्ट येर्किस आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना प्रकाशातला फरक ओळखायला शिकवले आणि चूक झाली की विजेचा झटका दिला. फरक ठळक असेल तर झटका जितका जोराचा तितके शिकणे लवकर झाले. फरक बारीक असेल तर मध्यम झटकाच सर्वांत उपयोगी ठरला. पुढे पाठ्यपुस्तकांत याची एक उलट्या वाटीसारखी वक्ररेषा झाली आणि ‘थोडा ताण चांगला, फार ताण वाईट’ असे सूत्र रूढ झाले. मूळ प्रयोगात चिंता मोजलेली नव्हती, हे त्या ओघात विसरले गेले.

म्हैसूर विद्यापीठात १९२४ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. कलकत्त्यानंतर देशात फार लवकर सुरू झालेल्या विभागांपैकी हा एक. लंडनला चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकलेले एम. व्ही. गोपालस्वामी यांनी तो उभारला.  १९३० च्या दशकात म्हैसूरच्याच जगनमोहन राजवाड्यातल्या योगशाळेत टी. कृष्णमाचार्य शिकवत होते, आणि त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला गेले. मनाचे मापन आणि मनाची साधना या दोन परंपरा एकाच शहरात शेजारी नांदत होत्या. चिंतेच्या अभ्यासात त्यांची खरी गाठ पडायला मात्र बरीच दशके जावी लागली.

परीक्षेच्या धास्तीचा पद्धतशीर अभ्यास १९५२ मध्ये जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरासन यांच्या प्रश्नावलीने सुरू झाला. १९५९ मध्ये जे. ए. ईस्टरब्रुक यांनी मांडले की भावनिक खळबळ वाढली की लक्षाचा पट्टा अरुंद होतो, आणि कडेच्या खुणा आधी सुटतात. १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस यांनी परीक्षेच्या धास्तीचे दोन घटक वेगळे केले. एक म्हणजे काळजीचे विचार: ‘नापास झालो तर’, ‘घरी काय सांगू’. दुसरा म्हणजे अंगातली खळबळ: धडधड, घाम, पोटात गोळा. पुढच्या अभ्यासांत वारंवार दिसले की कमी गुणांशी जवळचे नाते पहिल्या घटकाचे आहे. तळहाताला घाम फुटणे हा स्वतः फार मोठा अडथळा नाही. मोठा अडथळा आहे तो डोक्यात चालू असलेल्या बोलण्यांचा. १९७१ मध्ये जेरी वाइन यांनी याचा अर्थ लावला: चिंताग्रस्त विद्यार्थ्याचे लक्ष नाहीसे होत नाही, ते प्रश्नपत्रिका आणि स्वतः यांच्यात वाटले जाते. आजच्या बहुतेक भूमिका या एका विधानातून निघालेल्या आहेत.

पहिली भूमिका: चिंता मनाची जागा व्यापते

कार्यस्मृती म्हणजे हाताखालच्या कामापुरती माहिती धरून ठेवण्याची आणि तिच्यावर प्रक्रिया करण्याची मनाची सोय. ४७ ला ६ ने मनातल्या मनात गुणताना आधी २४० आणि मग ४२ जिथे धरले जातात, ती जागा. ही जागा फार थोडी असते. काळजीचे विचारही तिथेच चालतात, त्यामुळे हिशेबाला जागा कमी उरते.

मायकेल आयझेंक आणि मॅन्युएल काल्वो यांनी १९९२ मध्ये या कल्पनेत एक महत्त्वाचा भेद केला. काम किती बरोबर झाले ही परिणामकारकता. त्यासाठी किती श्रम आणि वेळ लागला ही कार्यक्षमता. त्यांच्या मते चिंतेचा घाव आधी कार्यक्षमतेवर पडतो. चिंताग्रस्त माणूस जास्त जोर लावून उत्तर बरोबर आणू शकतो, पण त्यासाठी दमतो. २००७ मध्ये आयझेंक, नाझनीन देरक्शान आणि सहकाऱ्यांनी याला अवधान-नियंत्रणाच्या सिद्धांताचे रूप दिले. लक्ष दोन प्रकारे हलते: आपल्या हेतूने, किंवा बाहेरच्या एखाद्या गोष्टीने ओढून घेतल्यामुळे. चिंतेत दुसऱ्या प्रकाराचा जोर वाढतो. नको त्या गोष्टीला रोखणे आणि एका कामावरून दुसऱ्यावर वळणे, ही मनावरच्या ताब्याची दोन कामे त्यामुळे विशेष जड जातात.

याचा एक पुरावा जवळून पाहण्यासारखा आहे. पडद्याच्या मधोमध एक खूण असते. अचानक डावीकडे किंवा उजवीकडे काही चमकते, आणि सूचना अशी असते की चमकेल त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला पाहायचे. डोळ्यांची ओढ चमकणाऱ्या जागेकडे असते. ती रोखून नजर उलट बाजूला न्यावी लागते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देरक्शान यांच्या प्रयोगात जास्त चिंता असलेल्यांच्या चुका इतरांपेक्षा जास्त नव्हत्या. मात्र नजर योग्य दिशेला वळायला त्यांना जास्त वेळ लागला. चमकेल तिकडेच पाहायचे असले की हा फरक दिसला नाही. उत्तर बरोबर, पण उशिरा: सिद्धांताने वर्तवले होते ते हेच.

२०१६ मध्ये टिम मोरान यांनी चिंता आणि कार्यस्मृती यांवरचे १७७ नमुने, म्हणजे २२ हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली. चिंता जास्त तर कार्यस्मृतीतली कामगिरी कमी, हे नाते वेगवेगळ्या कसोट्यांवर टिकले. त्याचे प्रमाण मध्यमापेक्षा थोडे कमी होते. या भूमिकेची मर्यादा अशी की यातले बहुतेक पुरावे सहसंबंधाचे आहेत. कोणते आधी आणि कोणते नंतर, हे त्यांतून सिद्ध होत नाही.

दुसरी भूमिका: लक्ष धोक्याकडे ओढले जाते

पहिल्या भूमिकेत लक्ष ‘कमी पडते’. दुसऱ्या भूमिकेत ते एका ठरावीक दिशेला झुकते. १९८६ मध्ये कॉलिन मॅक्लाउड, अँड्र्यू मॅथ्यूज आणि फिलिप टाटा यांनी एक साधी कसोटी बनवली. पडद्यावर दोन शब्द येतात, एक धोक्याचा आणि एक साधा. ते जातात आणि एकाच्या जागी ठिपका उमटतो. ठिपका दिसताच बटण दाबायचे. धोक्याच्या शब्दाच्या जागचा ठिपका एखाद्याला चटकन दिसत असेल, तर त्याची नजर आधीपासून तिथे होती असे मानता येते. चिंतेच्या रुग्णांमध्ये असेच आढळले.

२००७ मध्ये याइर बार-हाइम आणि सहकाऱ्यांनी १७२ अभ्यास एकत्र तपासले. धोक्याकडचा कल चिंताग्रस्तांमध्ये सातत्याने दिसला आणि इतरांमध्ये दिसला नाही. प्रमाण इथेही फार मोठे नव्हते. पण त्याआधी, २००५ मध्ये, स्टेफान श्मुकल यांनी एक गंभीर अडचण दाखवली होती. हीच कसोटी त्याच माणसावर पुन्हा घेतली तर तोच निकाल येईल, याची खात्री जवळजवळ नाही. समूहाची सरासरी सांगण्यापुरती ती चालते. ‘या मुलाचे लक्ष धोक्याकडे झुकते’ असे एका व्यक्तीबद्दल तिच्या आधारे बोलता येत नाही. या क्षेत्रातल्या वादाचे मूळ बरेचसे इथे आहे. एक पक्ष म्हणतो कल खरा आहे, फक्त मोजपट्टी सुधारायला हवी. दुसरा म्हणतो की मोजपट्टीच डळमळीत असताना कलाच्या आकाराविषयी बोलणे घाईचे आहे.

तिसरी भूमिका: लक्ष स्वतःवरच पहारा करते

खेळ आणि हातातली कौशल्ये यांच्या अभ्यासातून तिसरी भूमिका आली. सराईत हालचाल बहुतेक आपोआप होते. दडपणाखाली माणूस तिच्यावर लक्ष ठेवू लागतो, टप्प्याटप्प्याने ती चालवू पाहतो, आणि तिथेच ती मोडते. १९९२ मध्ये रिच मास्टर्स यांच्या गोल्फच्या प्रयोगात, नियम तोंडपाठ न करता खेळ शिकलेले लोक दडपणाखाली जास्त टिकून राहिले. २००१ मध्ये शियन बायलॉक आणि टॉमस कार यांनीही गोल्फवरच याला पुष्टी दिली.

पोलिसांवरचे काम नजरबादच्या संदर्भात जास्त जवळचे आहे. नेदरलँड्समध्ये अर्ने न्यूवेनहॉयस आणि राउल औडेयान्स यांनी पोलिसांचा पिस्तुलाचा सराव दोन प्रकारे घेतला: एकदा पुतळ्यावर, एकदा उलट रंगीत साबणाच्या गोळ्या झाडणाऱ्या माणसावर. दुसऱ्या वेळी नेम बिघडला. पोलिसांनी गोळी लवकर झाडली, अंग आकसून घेतले आणि त्यांचे डोळे जास्त वेळ मिटलेले राहिले. जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये मांडलेली ‘शांत नजर’ ही कल्पना इथे जुळते. कृतीच्या आधी लक्ष्यावर शेवटची नजर जितकी ठरून राहते, तितकी कृती नेमकी होते. बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर मार्क विल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की चिंतेत हीच नजर आखूड होते.

मराठी वाचकांना या संदर्भात नाशिकचे भीष्मराज बाम आठवतील. भारतीय पोलीस सेवेतून आलेल्या बामसरांनी योगशास्त्राचा आधार घेऊन क्रीडामानसशास्त्र उभे केले. अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजांपासून, कर्नाटकाकडून खेळलेल्या मराठीभाषक राहुल द्रविडपर्यंत अनेकांना त्यांचे मार्गदर्शन मिळाले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. निकालाचा विचार बाजूला ठेवून हातातल्या कृतीवर मन आणणे आणि त्यासाठी श्वासाची मदत घेणे, ही त्यांची शिकवण तिसऱ्या भूमिकेच्या फार जवळ जाते. शेकडो खेळाडूंच्या अनुभवातून आलेले हे ज्ञान आहे. नियंत्रित प्रयोगातून त्याची तपासणी व्हावी, इतके ते मोलाचे आहे.

आक्षेप: चिंता नेहमीच वैरी असते का?

दोन प्रकारचे आक्षेप इथे नीट ऐकायला हवेत.

पहिला असा की चिंता काही कामांत मदत करते. ऑलिव्हर रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये माणसांना विजेच्या झटक्याच्या धाकाखाली कंटाळवाणे काम दिले: वारंवार बटण दाबायचे, पण क्वचित येणाऱ्या एका खुणेला हात आवरायचा. धाक असताना हात आवरणे जास्त जमले. ‘चिंतेत रोखण्याची शक्ती कमी होते’ या पहिल्या भूमिकेला हे थेट आव्हान आहे. तडजोडीचे स्पष्टीकरण असे दिले जाते की क्षणापुरती आलेली धास्ती माणसाला सावध करते, आणि स्वभावात मुरलेली चिंता त्याला थकवते. चार्ल्स स्पीलबर्गर यांनी या दोन प्रकारांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या १९७० मध्येच दिल्या होत्या. तरीही अनेक अभ्यासांत दोन्हींची सरमिसळ होते.

दुसरा आक्षेप परीक्षेविषयी आहे. रे हेम्ब्री यांनी १९८८ मध्ये ५६२ अभ्यासांचे संकलन करून परीक्षेची धास्ती आणि कमी गुण यांचे नाते दाखवले. पण मारिया थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जर्मनीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आधीच्या सराव परीक्षांतली तयारी हिशेबात धरली, तेव्हा परीक्षेच्या दिवशीची धास्ती गुणांविषयी वेगळे काही सांगेनाशी झाली. म्हणजे धास्ती पेपरच्या त्या तीन तासांत आडवी येते असे नसून, त्याआधीच्या महिन्यांत अभ्यास नीट होऊ देत नाही, असे असू शकते. ‘येत होते पण आठवले नाही’ या अनुभवाला हे थेट छेद देते. एका देशातल्या निवडक विद्यार्थ्यांवरचा हा अभ्यास शेवटचा शब्द नव्हे. पण तो बाजूलाही सारता येणार नाही.

उपायांचे काय?

सिद्धांतांवरून उपाय निघतात, आणि उपाय टिकले नाहीत की सिद्धांतांकडे पुन्हा पाहावे लागते.

लक्षाला धोक्यापासून वळवण्याचे संगणकावरचे सराव २००२ नंतर गाजले. पुढच्या एकत्रित तपासण्यांत त्यांचा परिणाम लहान निघाला. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर उतरवली की गुण सुधारतात, असे २०११ मध्ये हेरार्दो रामिरेझ आणि बायलॉक यांनी दाखवले होते. २०१८ च्या मोठ्या पुनर्तपासणीत ते पुन्हा दिसले नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर झालेल्या चाचणीत काही शाळांमध्ये सजगतेचे धडे दिले गेले. २०२२ मध्ये निकाल आले तेव्हा नेहमीच्या शिक्षणापेक्षा ते सरस ठरले नाहीत.

दुसऱ्या बाजूला, उपचार घेणाऱ्या प्रौढांबाबत चित्र जास्त आशादायक आहे. एलिझाबेथ होग यांच्या २०२३ मधल्या चाचणीत चिंताविकाराच्या रुग्णांवर सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम एका प्रचलित औषधापेक्षा उणा ठरला नाही. विचारांवर काम करणाऱ्या उपचारांची परंपरा मराठीत चांगली रुजली आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने ती अनेकांपर्यंत नेली. चिंतेबद्दलच चिंता करणे ही दुसरी पायरी एलिस यांनी नेमकी ओळखली होती. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगाशी ती जुळते: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटले की तेच डोक्यात येत राहते. ‘टेन्शन घेऊ नकोस’ या घरच्या सल्ल्याने मुलाचे काम का हलके होत नाही, याचे उत्तर इथे मिळते. त्याऐवजी काळजीला दिवसातली ठरावीक वेळ देण्याचा थॉमस बोर्कोवेक यांचा १९८३ पासूनचा उपाय जास्त व्यवहार्य आहे. पोलिसांच्या बाबतीत, थोड्या धाकाखालीच सराव केला तर धाकाखाली नेम टिकतो, हे औडेयान्स यांचे निष्कर्ष सांगतात.

चिंता रोजच्या कामात सतत आडवी येत असेल, तर स्वतःच उपाय शोधत बसू नये. टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सरकारी सेवा २०२२ पासून अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

अजून काय सुटायचे आहे

पहिली गोष्ट कार्यकारणाची. चिंता आधी की लक्षावरचा ताबा सुटणे आधी, हे तीच मुले वर्षानुवर्षे पाहिल्याशिवाय ठरणार नाही.

दुसरी, कोणाला जास्त फटका बसतो याची. बायलॉक आणि कार यांना २००५ मध्ये आढळले की कठीण गणितात दडपणाने घसरतात ती मोठ्या कार्यस्मृतीची माणसे, कारण त्यांची सारी भिस्त तिच्यावरच असते. मॅथ्यू ओवेन्स आणि सहकाऱ्यांना २०१४ मध्ये बारा ते चौदा वर्षांच्या मुलांत उलट दिसले: कार्यस्मृती मोठी असलेल्यांना चिंता उपयोगी पडली, लहान असलेल्यांना ती नडली. दोन्ही निष्कर्ष काळजीपूर्वक केलेल्या कामातून आलेले आहेत, आणि दोन्हींचा मेळ अजून बसलेला नाही.

तिसरी, मोजमापाची. प्रश्नावलीत माणूस जे सांगतो आणि पडद्यावर त्याची नजर जे करते, ते अनेकदा जुळत नाही.

चौथी आपल्या मातीची. वर आलेले बहुतेक प्रयोग युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांत झाले आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत ना महाराष्ट्र होते, ना कर्नाटक. घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि वर्गात इंग्रजी बोलणारी म्हैसूरची मुले दडपणाखाली कोणत्या भाषेत काळजी करतात आणि त्याचा कार्यस्मृतीवर काय भार पडतो, हा प्रश्न इथेच अभ्यासता येईल. विद्यापीठाचा शंभर वर्षांचा विभाग, वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था, पोलीस अकादमी आणि क्रीडासंकुल एकाच शहरात आहेत. या कामाला अशी जागा सहजासहजी मिळणार नाही.

इतक्या मतभेदांतूनही एक धागा मला भक्कम वाटतो. चिंताग्रस्त माणसाचे लक्ष नाहीसे होत नाही. ते धोक्याकडे, स्वतःकडे किंवा उद्याच्या निकालाकडे गेलेले असते, आणि ते परत आणायला तो सतत कष्ट करत असतो. त्याची किंमत आधी श्रमात चुकवली जाते आणि गुणांत, धावांत किंवा नेमात नंतर दिसते. कधी दिसतही नाही. म्हणून चांगले गुण आणणारे मूल चिंतामुक्त आहे असे समजू नये, आणि मागे पडलेले मूल लक्ष देत नाही असेही म्हणू नये. संशोधकांनी वेळ आणि श्रम मोजावेत. शिक्षकांनी, प्रशिक्षकांनी आणि पालकांनी ‘किती मिळाले’ याबरोबर ‘किती जड गेले’ हेही विचारावे. आज हातात असलेल्या पुराव्यावर इतके निश्चित सांगता येते.